एनबीए बास्केटबॉल, लेकर्स २०२५-२६ (ऑक्टोबर २०२५ मधली चर्चा): देण्याजोगा एकमेव पिक विंगसाठी मोजावा, सेंटरसाठी, की पुढच्या उन्हाळ्यासाठी राखावा?

बेसलाइन (धागाकर्ता)

२१ ऑक्टोबरला गोल्डन स्टेटविरुद्ध मोसम सुरू होतोय. सायटिकामुळे लेब्रॉन पहिले काही आठवडे नाही, म्हणजे संघाच्या उणिवा पहिल्या दिवसापासून उघड्या पडणार. जिकडे बघावं तिकडे एकच मागणी: आणखी एक सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) आणा. मला ही मागणी चुकीची वाटते. ५ फेब्रुवारीच्या ट्रेड मुदतीआधी लेकर्सनी आपला एकमेव देण्याजोगा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू घेण्याचा हक्क) आणि या मोसमात संपणारे एक-दोन करार एकत्र बांधून परिघावर (बास्केटपासून दूर, थ्रीच्या रेषेजवळ) पहारा देणारा मोठा विंग (बाजूने खेळणारा खेळाडू) आणावा.

सेंटरवाले नेहमी गेल्या प्लेऑफमध्ये हरलेल्या मिनेसोटा मालिकेतला पाचवा सामना पुढे करतात. त्यांच्या सेंटरचे, गोबेरचे, २७ गुण, २४ रिबाउंड (शॉट हुकल्यावर पकडलेले बॉल). मिनेसोटाने ४७ पैकी फक्त ७ थ्री (लांबून तीन गुणांचे शॉट) टाकले आणि तरी १०३-९६ ने जिंकले. आकडे भयानक आहेत, मान्य. पण पहिला सामना कुणी काढत नाही. ११७-९५, आणि मिनेसोटाचे २१ थ्री. ते थ्री आले कुठून? मिनेसोटाचा एडवर्ड्स किंवा रँडल पहिल्याच ड्रिबलला आपल्या माणसाला मागे टाकतो, कोपऱ्यातला मदतीला आत येतो, बॉल बाहेर जातो, तिथे माणूस मोकळा. दर पझेशनला (बॉल ताब्यात घेऊन केलेल्या चढाईला) हेच. एकच मालिका, एकदा मार बाहेरून बसला आणि एकदा आतून, पण सुरुवात दोन्ही वेळा परिघावरच झाली. दारातून पाणी आत येतंय आणि आपण माजघरात बादल्या मांडतोय.

लुका आणि रीव्हज, आपले बचावात कच्चे दोघेही सुरुवातीच्या पाचात. समोरच्या संघाला फार डोकं लावावं लागत नाही. या दोघांपैकी जो ज्याला गार्ड करतोय त्यालाच स्क्रीनला (पहारेकऱ्याची वाट अडवायला) बोलवायचं, स्विच (पहारेकऱ्यांची अदलाबदल) करून घ्यायचा, खेळायला लागायचं. गेल्या मोसमात हा भार फिनी-स्मिथने उचलला होता. तो ४ वर्षांच्या ५ कोटी ३० लाख डॉलरवर ह्यूस्टनला गेला आणि बदल्यात आपल्याला काहीच मिळालं नाही. आता आहेत त्यांत स्मार्ट २०२२ चा सर्वोत्तम बचावपटू, पण आधीच्या दोन मोसमांत तो २० आणि ३४ सामने खेळलाय. व्हँडरबिल्ट २९ आणि ३६. लाराव्हिया ४२.३ टक्क्यांनी थ्री टाकून आलाय, उपयोगाचा आहे, पण प्लेऑफमध्ये एडवर्ड्ससमोर पहिला पहारेकरी म्हणून त्याला उभं करणं त्याच्यावरच अन्याय होईल.

माझी दोन नावं: मायामीचा अँड्र्यू विगिन्स (२ कोटी ८२ लाख) किंवा न्यू ऑर्लिन्सचा हर्ब जोन्स (१ कोटी ३९ लाख). बोला.

---

पेंटरक्षक

मुळापासून असहमत.

परिघावर कितीही चांगला बचावपटू ठेवा, नीट लावलेल्या स्क्रीनवर तो अर्धं पाऊल मागे पडणारच. एनबीएमधलं जवळपास प्रत्येक हाफकोर्ट पझेशन कुठल्या ना कुठल्या स्क्रीनने सुरू होतं. त्या अर्ध्या पावलाचं पुढे काय होतं हे रिमपाशी (बास्केटच्या रिंगजवळ) कोण उभा आहे त्यावर ठरतं. तिथे माणूस असेल तर विंग मागून हात टाकत परत येतो आणि कोपऱ्यातल्या शूटरला सोडून कुणाला आत धावावं लागत नाही. म्हणजे तुम्ही मोजलेले ते २१ थ्रीसुद्धा रिमवर माणूस नसल्यामुळेच मिळाले.

त्या मालिकेत प्रशिक्षक रेडिकने काय केलं ते आठवा. सेंटर जॅक्सन हेजने पहिले चार सामने सुरू केले आणि पाचव्यात तो उतरलाच नाही. दुसरा मोठा माणूस क्लेबर तर लेकर्सकडून पहिल्यांदा त्या पाचव्या सामन्यातच दिसला. चौथ्या सामन्यात पूर्ण दुसरा हाफ त्याच पाच जणांनी खेळून काढला: लुका, रीव्हज, लेब्रॉन, रुई, फिनी-स्मिथ. शेवटी पाय जड झाले आणि सामना तीन गुणांनी गेला. प्रशिक्षक असा वागतो तेव्हा बाकावर भरवशाचा मोठा माणूस नाही, एवढं त्यातून कळतं. आणि तुमचा फिनी-स्मिथ त्या पाचात होताच की! विंग होता, तरी हरलो.

आता सेंटर एटन आलाय, चांगलं आहे. दोन वर्षांचा करार, पहिल्या वर्षी ८१ लाख, या किमतीत पोर्टलंडकडून १४.४ गुण आणि १०.२ रिबाउंड करणारा माणूस मिळणं हे नशीब. पण तो रिमरक्षक नाही. सामन्याला एखादा ब्लॉक. उंची आहे, पाय बरे चालतात, पण दुसऱ्याचा माणूस सुटला की दोन पावलं आत येऊन उडी मारायची सवय नाही. शिवाय गेल्या मोसमात तो ४० सामने खेळला. तो बसला की हेज. हेज बसला की कोण?

लुकाला काय लागतं हे त्याच्या आधीच्या संघाने, डॅलसने, दाखवून दिलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेंटर गॅफर्ड आणला, दुसरा सेंटर लाइव्हली होताच. ४८ मिनिटं रिमवर लॉब (उंच फेकलेला पास) घेणारा आणि रिम राखणारा कोणीतरी मैदानात. थेट अंतिम फेरी.

---

बेसलाइन

@पेंटरक्षक, डॅलसचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या. त्याच मुदतीत डॅलसने दोन ट्रेड केले. गॅफर्डसाठी वॉशिंग्टन संघाला पहिल्या फेरीचा पिक गेला. आणि त्याच दिवशी ग्रँट विल्यम्स, सेथ करी आणि २०२७ चा पिक देऊन शार्लटकडून पी.जे. वॉशिंग्टन आणला. तो मोठा विंग. वर डेरिक जोन्स ज्युनियर किमान पगारावर आलेला, आणि प्लेऑफभर समोरच्या मुख्य स्कोररवर तोच होता. गॅफर्ड-लाइव्हली चांगले दिसले कारण त्यांच्यापर्यंत पोचणारा खेळाडू आधीच वळवलेला, दमवलेला असायचा.

आपल्याकडे त्या रचनेतलं मधलं खांबासारखं काम एटन-हेज मिळून निदान रेटून नेतील. बाहेरचं काम करणारा मात्र एकही नाही.

---

उन्हाळा२०२६

दोघांनाही विरोध. थांबा.

हा पिक आत्ता मोजला तर एकटाच जाईल. जून २०२६ नंतर तोच तिघांत एक असेल. २०२७ चा पिक वेस्टब्रूक ट्रेडमध्ये युटाला देणं आहे, २०२९ चा लुकासाठी डॅलसला गेला. लागोपाठ दोन भावी वर्षं पहिल्या फेरीचा पिक नसणं नियमाला चालत नाही आणि सात ड्राफ्टपलीकडचं देता येत नाही. म्हणून आज फक्त २०३१ किंवा २०३२ यांपैकी एक. पुढच्या ड्राफ्टच्या रात्री २०२६ मध्ये निवडलेला खेळाडू, २०३१ आणि २०३३, असे तीन मोकळे होतात.

पैशाचंही तेच. लेब्रॉनचे ५ कोटी २६ लाख, रुईचे १ कोटी ८३ लाख, व्हिन्सेंटचे १ कोटी १५ लाख, क्लेबरचे १ कोटी १० लाख, सगळे या मोसमात संपतात. पुढच्या वर्षी लुकाचे सुमारे ५ कोटी, रीव्हजचा कॅप होल्ड (नवा करार होईपर्यंत त्याच्या नावाने धरलेली रक्कम) २ कोटी ९ लाख, व्हँडरबिल्ट १ कोटी २४ लाख, लाराव्हिया ६० लाख, आणि एटन, स्मार्ट, नेक्ट यांचे पर्याय (करार आणखी एक वर्ष चालू ठेवण्याची मुभा) धरून आणखी पावणेदोन-दोन कोटी. कॅप (संघाच्या एकूण पगारांची मर्यादा) साडेसोळा कोटींच्या आसपास अपेक्षित आहे. रिकाम्या जागांची वजावट करूनही पाच कोटींच्या घरात मोकळी जागा राहते. वर तीन पिक. विगिन्स घेतलात तर त्याच्या हातात २०२६-२७ साठी ३ कोटी २ लाखांचा पर्याय आहे. तिशीतला खेळाडू तो सोडणार नाही. म्हणजे पाचातले तीन कोटी एका सहीत गेले.

@पेंटरक्षक, तुमच्यासाठी: सेंटर वॉकर केसलरचा करार युटाशी २० ऑक्टोबरपर्यंत वाढला नाही तर तो पुढच्या उन्हाळ्यात मर्यादित फ्री एजंट होईल (बोली कुणीही लावावी, पण तीच रक्कम देऊन युटा त्याला राखू शकतो). गेल्या मोसमात सामन्याला २.४ ब्लॉक. वयही कमी. असा माणूस मोकळ्या कॅपनेच मागता येतो.

---

पेंटरक्षक

केसलरला युटा जुळवून घेईल. मर्यादित फ्री एजंटवर बोली लावली की तुमची कॅपची जागा त्यांच्या निर्णयापर्यंत अडकून पडते, आणि तेवढ्यात बाकीचा बाजार उठतो. शेवटी हाती धुपाटणं. तो हवा असेल तर ट्रेडनेच आणावा लागेल.

---

एप्रन_हिशेब

तिन्ही बाजू पैशाचं गणित अर्धवट मांडतायत, म्हणून सविस्तर लिहितो.

लेकर्स या मोसमात फर्स्ट एप्रनवर (कॅपच्या वर लीगने आखलेल्या पगाराच्या रेषेवर), म्हणजे १९ कोटी ५९ लाखांवर, हार्ड-कॅप झालेत. कारण त्यांनी मिडलेव्हल अपवाद (कॅप भरली असतानाही खेळाडू घेण्याची सवलत) पूर्ण वापरला (एटन ८१ लाख आणि लाराव्हिया ६० लाख) आणि द्वैवार्षिक अपवादातले ५१ लाख स्मार्टला दिले. स्मार्टची जागा करायला गुडविन आणि मिल्टनला सोडावं लागलं. आता १४ जण करारावर आहेत आणि त्या रेषेखाली जेमतेम ११ लाखांच्या आसपास जागा उरलीय. ही रेषा ३० जूनपर्यंत एका क्षणासाठीही ओलांडता येत नाही. लक्झरी टॅक्स भरून सुटू असं इथे नाही, लीग ट्रेडच मंजूर करणार नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा. नियम म्हणतो की एप्रनखालचा संघ मधल्या पगारांवर बाहेर जाणाऱ्यापेक्षा ८५ लाखांनी जास्त पगार परत घेऊ शकतो. लेकर्सना ती सवलत कागदावरच. जितका पगार जाईल तितकाच, फार तर ११ लाख जास्त, आत येईल.

विगिन्सचं बघू. रुई आणि व्हिन्सेंट मिळून २ कोटी ९७ लाख ६० हजार जातात, विगिन्सचे २ कोटी ८२ लाख येतात. पंधरा लाख वाचले, आधीचे अकरा धरून सव्वीस. पण दोन देऊन एक घेतला म्हणजे उरले १३ जण, आणि दोन आठवड्यांत १४ करावेच लागतात. अनुभवी खेळाडूचा वर्षाचा किमान पगार साधारण २३ लाख धरला जातो, मोसम १७४ दिवसांचा, म्हणजे दिवसाला १३ हजारांच्या वर. ५ फेब्रुवारीला सही केली तर सुमारे ९ लाख लागतात. म्हणजे विगिन्स ट्रेडनंतर दोन माणसं बसतात. हिशेब जमतो.

हर्ब जोन्स आणखी सोपा: व्हिन्सेंट (१ कोटी १५ लाख) आणि नेक्ट (४० लाख). सोळा लाख वाचतात आणि रुई हातात राहतो. अट एकच, जोन्सने जुलैमध्ये ३ वर्षांची ६ कोटी ८० लाखांची वाढ घेतलीय, म्हणून तो जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रेड होऊ शकत नाही. एटन, स्मार्ट, लाराव्हिया, हेज यांनाही १५ डिसेंबरपर्यंत हलवता येणार नाही. तेव्हा नोव्हेंबरमध्ये जे काही ट्रेड सुचवाल ते रुई, व्हिन्सेंट, क्लेबर, व्हँडरबिल्ट, नेक्ट यांच्यापुरतेच सुचवा.

---

सकाळचा_सामना

रीव्हजला का नाही कुणी धरत? ८ कोटी ९२ लाखांची वाढ त्याने नाकारलीय, उन्हाळ्यात १ कोटी ४९ लाखांचा पर्यायही नाकारणार हे उघड आहे. लुका आणि तो एकत्र बचावाला पेलत नाहीत असं धागाकर्ताच म्हणतोय. मग त्याला देऊन खरोखरचा मोठा बचावपटू आणा ना.

---

एप्रन_हिशेब

@सकाळचा_सामना, कारण त्याचा पगार १ कोटी ३९ लाख आहे आणि खेळ त्याच्या दुपटी-तिपटीचा. मघाचा नियम लावा: एकट्या रीव्हजच्या बदल्यात फार तर दीड कोटीचा खेळाडू परत येईल. त्याच्या तोलाचा खेळाडू दीड कोटीत कुठला संघ देईल? उरलेला पगार भरायला रुई किंवा व्हिन्सेंट जोडावे लागतील. म्हणजे दोन चांगली माणसं देऊन एक. स्वस्त करारावरचा चांगला खेळाडू ट्रेडमध्ये नेहमी तोट्यातच जातो. त्याची किंमत त्याला ठेवण्यात आहे.

---

वीकसाइड

रीव्हज तर नाहीच, पण रुईलाही इतक्या सहज ट्रेडमध्ये टाकताय ते मला पटत नाही.

रुईने दोन मोसम सलग ४० टक्क्यांवर थ्री टाकलेत: ४२.२ आणि ४१.३. लुकाच्या हातात बॉल असताना या आकड्याचा अर्थ काय होतो ते समजून घ्या. लुका स्क्रीनवरून येतो, आपल्या पहारेकऱ्याला पाठीवर घेतो आणि वेग कमी करतो. समोर आता सेंटर एकटा आणि आपले दोघे, लुका आणि रोल करणारा (स्क्रीन लावून रिमकडे धावणारा). तिसरा बचावपटू कोपरा सोडून आत आला तरच हे थांबतं. त्या कोपऱ्यात रुई असेल तर तो आत येत नाही. तिथे व्हँडरबिल्ट असेल तर बिनधास्त येतो, कारण त्याच्या कोपऱ्यातल्या शॉटची कुणाला भीती नाही.

विगिन्स रुईपेक्षा बचावाला चांगला आहे यात वाद नाही. २०२२ च्या पश्चिम अंतिम फेरीत त्याने लुकाला पूर्ण मालिका त्रास दिला, ते आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिलंय. पण तुम्ही एका जागेवर बचाव वाढवून दुसरीकडे ६ फूट ८ इंची शूटर घालवताय, पिक वेगळा, आणि पुढच्या वर्षीचे ३ कोटी वेगळे. हा सौदा मला महाग वाटतो. जोन्सचा नाही. धागाकर्त्याने दोन्ही नावं एका ओळीत बसवलीत, पण त्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

---

बेसलाइन

@वीकसाइड, जोन्स आणि विगिन्स यांत निवड असेल तर मीही डोळे मिटून जोन्स म्हणेन. २०२४ मध्ये पहिल्या ऑल-डिफेन्स संघात होता. त्याला गार्डसमोर ठेवा, विंगसमोर ठेवा, स्क्रीनच्या वरून जातो, पासिंग लेनमध्ये हात असतोच. पगार पुढच्या मोसमातही आटोक्यात, त्यामुळे @उन्हाळा२०२६ यांची कॅपची जागाही फारशी खात नाही. विगिन्स दुसऱ्या पसंतीचा, कारण बाजारात दुसरा मिळायला हवा.

---

उन्हाळा२०२६

जोन्स मिळणार नाही, आणि त्याचं कारण न्यू ऑर्लिन्सच्याच पिकांत आहे. त्यांनी जूनमध्ये ड्राफ्टच्या रात्री डेरिक क्वीनसाठी २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक कुठल्याही संरक्षणाशिवाय अटलांटाला दिला. म्हणजे या मोसमात हरून त्यांना काहीच मिळत नाही. उलट जितकं हराल तितका अटलांटाचा फायदा. असा संघ फेब्रुवारीत चांगले खेळाडू विकायला बसत नाही. आणि नुकताच ३ वर्षांसाठी बांधलेला बचावपटू व्हिन्सेंटच्या संपणाऱ्या कराराला आणि एका दूरच्या पिकाला का देतील? त्याला खांद्याच्या दुखापतीने गेल्या मोसमात २० सामने खेळता आले म्हणून किंमत थोडी उतरली असेल, पण इतकी नाही.

---

बेसलाइन

२०३१ चा लेकर्सचा पिक "दूरचा" आहे म्हणूनच त्याला भाव आहे! लेब्रॉन तेव्हा नसेल. लुकाने ऑगस्टमध्ये सही केली ती ३ वर्षांसाठी, १६ कोटी ५० लाख, आणि शेवटच्या वर्षाचा पर्याय त्याच्या हातात. २०२८ च्या उन्हाळ्यात तो मोकळा होऊ शकतो. समोरचा व्यवस्थापक २०३१ कडे बघताना लुकाशिवायचे लेकर्स डोळ्यांसमोर आणतो. आज आपल्याकडे असलेली सगळ्यात किमती वस्तू हीच आहे.

आणि याच कारणासाठी थांबणं मला धोक्याचं वाटतं. आपल्याकडे लुकाची तीन वर्षं आहेत. त्यातलं पहिलं, एक्केचाळिशीत शिरणाऱ्या लेब्रॉनच्या कराराचं शेवटचं वर्ष, "जागा मोकळी होतेय" म्हणून वाया घालवायचं? मोकळी कॅप घेऊन बसाल आणि उन्हाळ्यात बाजारात कोण असेल? हल्ली बडे खेळाडू करार संपायच्या आधीच वाढवून घेतात. लुकाने स्वतः तेच केलं. मग पाच कोटी घेऊन दुसऱ्या फळीतल्या लोकांना पहिल्या फळीचे पगार वाटत फिरायचं का?

---

पेंटरक्षक

पिकाची किंमत सगळे सांगतायत, पण एक गोष्ट राहिलीय. गेल्या फेब्रुवारीत व्यवस्थापनाने हाच २०३१ चा पिक, शिवाय २०३० च्या पिकांची अदलाबदल, नेक्ट आणि रेडिश, एवढं सगळं सेंटर मार्क विल्यम्ससाठी मोजलं होतं. वैद्यकीय तपासणीत अडलं आणि ट्रेड रद्द झाला. म्हणजे लुका आल्यावर चारच दिवसांत ज्यांना संघ आतून दिसतो त्या लोकांनी ठरवलं की पहिली गरज सेंटर. तेव्हा फिनी-स्मिथ होता हे मला माहीत आहे, तेच उत्तर येणार. पण तेव्हाही लुका-रीव्हज एकत्र होते, स्विच तेव्हाही मागितला जात होता.

पिक न देता होणारं एक नाव मी सुचवतो: पोर्टलंडचा रॉबर्ट विल्यम्स. १ कोटी ३३ लाख, करार याच मोसमात संपतो. तंदुरुस्त असेल तेव्हा रिमवर त्याच्यासारखे फार थोडे. अडचण सगळ्यांना ठाऊक आहे, मागच्या दोन मोसमांत ६ आणि २० सामने. पण व्हिन्सेंटबरोबर एखादा छोटा पगार आणि दुसऱ्या फेरीचा पिक इतक्यावर काम होईल. एप्रिल-मेमध्ये रोज १५ मिनिटं मिळाली तरी वसूल. उन्हाळ्याची जागा शाबूत, २०३१ शाबूत.

---

वीकसाइड

याला माझा पाठिंबा, जर जानेवारीत तो मैदानावर असेल तर. गुडघ्याचा इतिहास असलेल्या खेळाडूची तपासणी ट्रेडनंतर होते. मार्क विल्यम्सच्या वेळी काय झालं ते पाहिलंय.

---

हाय_पोस्ट

इतका वेळ फक्त ट्रेड चाललेत. आहे त्या चौदा जणांत काय दुरुस्त होऊ शकतं तेही बोललं पाहिजे, कारण डिसेंबरच्या मध्यापर्यंत यातलं जवळपास काहीच घडणार नाही.

पहिलं, एटनची स्क्रीन. लुकाबरोबर खेळणाऱ्या सेंटरचं अर्धं काम तिथे आहे आणि एटनची जुनी सवय वाईट आहे: तो पहारेकऱ्याला टेकायच्या आधीच रिमकडे वळतो. संपर्कच झाला नाही तर पहारेकरी लुकाच्या पुढ्यातच राहतो आणि लॉबची खिडकी उघडत नाही. पाय रुंद, छाती पहारेकऱ्याच्या खांद्यावर, लुकाचा खांदा आपल्या कमरेजवळून जाईपर्यंत जागा सोडायची नाही. मग वळून थेट रिम. दुसरी सवय, फ्री थ्रो रेषेजवळ बॉल मिळाला की तो मागे झुकून जंपर घेतो. तो शॉट त्याला येतो, म्हणूनच तो मोह आहे. पण लुका दोन माणसं ओढून बॉल देतोय तो चार विरुद्ध तीन खेळण्यासाठी. एक ड्रिबल आत, नाहीतर लगेच कोपऱ्यात पास.

दुसरं, लुकाला लपवण्याची पद्धत. त्याला समोरच्या सगळ्यात कमी हलणाऱ्या शूटरवर ठेवलं की समोरचा संघ त्याच शूटरला स्क्रीनला बोलावतो, हे धागाकर्त्याने बरोबर सांगितलं. त्यावर उपाय आधीच्या स्विचचा आहे. तो शूटर स्क्रीनकडे चालायला लागला की कोपऱ्यातल्या लाराव्हियाने आवाज देऊन त्याला घ्यायचं आणि लुकाने कोपऱ्यात जायचं. बॉल पोचायच्या आत हे झालं पाहिजे. उशीर झाला की दोघेही एकाच माणसामागे, आणि दुसरा मोकळा. यात बोलणारा माणूस लागतो. स्मार्टची खरी किंमत इथे आहे, त्याच्या सामन्यांची बेरीज करून ती कळणार नाही. त्याला लुका आणि रीव्हज दोघांबरोबर सुरुवातीला उतरवण्यापेक्षा दोघांपैकी एक बसलेला असताना त्याची मिनिटं द्यावीत, म्हणजे पाय टिकतील.

तिसरं, रिबाउंड. गोबेरने २४ घेतले ते फक्त उंचीवर नाही. लहान पाचात आपले चौघं शॉट सुटल्यावर बॉलकडे बघत उभे होते. सेंटरशिवाय खेळायचं असेल तर शॉट सुटताक्षणी दोन जणांनी मिळून मोठ्या माणसाला पाठ लावून बाहेर ढकलायचं आणि बॉल तिसऱ्याने, बहुतेक वेळा लुकाने, उचलायचा. लुकाला रिबाउंड मिळाला की तिथूनच फास्ट ब्रेकचा पासही जातो.

---

पेंटरक्षक

एटनच्या स्क्रीनबद्दल शंभर टक्के. पण ही सवय आठव्या मोसमात बदलेल यावर मी संघाचं वर्ष लावणार नाही.

---

सकाळचा_सामना

@एप्रन_हिशेब, पंधरावी जागा रिकामी आहे ना? आत्ताच एखादा बचावपटू किमान पगारावर का घेत नाहीत?

---

एप्रन_हिशेब

आत्ता बसत नाही. पूर्ण मोसमाचे २३ लाख लागतात आणि जागा ११ लाखांची. रोज १३ हजारांनी आकडा उतरतो, त्यामुळे साधारण जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एक अनुभवी खेळाडू पहिल्यांदा बसेल. त्याआधी कुणाला घेतलं तर ट्रेडसाठी लागणारी फटच बुजते. म्हणून माझा क्रम: जानेवारीपर्यंत जागा रिकामी, मधल्या काळात जोन्ससाठी विचारणा, ५ फेब्रुवारीला ट्रेड, आणि त्यानंतर बायआउट बाजार (करार मिटवून सोडलेले खेळाडू). लेकर्स फर्स्ट एप्रनखाली असल्याने तिथे त्यांना मोठ्या पगारावरून सुटलेला खेळाडूही घेता येतो, वरच्या संघांना मिडलेव्हलपेक्षा जास्त पगार असलेला घेता येत नाही. मात्र जुन्या संघाने त्याला १ मार्चपर्यंत सोडलेलं असलं पाहिजे, नाहीतर प्लेऑफला अपात्र.

---

उन्हाळा२०२६

या क्रमात पिक फक्त जोन्ससाठी आणि विगिन्ससाठी नाही, असं लिहून द्या, मी विरोध मागे घेतो.

---

बेसलाइन

लिहून देत नाही. जोन्स नाही मिळाला आणि जानेवारीअखेर स्मार्ट किंवा व्हँडरबिल्ट यांपैकी एक बसलेला असेल, तर मी विगिन्ससाठीही रुई, व्हिन्सेंट आणि २०३१ देईन. दोघंही खेळत असतील तर पिक ठेवा आणि @पेंटरक्षक म्हणतात तो रॉबर्ट विल्यम्स बघा.